पिल्लं बाहेर पडू देत

घर भाड्यानं देताना माणसं पगार विचारतात, पाहुणे किती येतात ते विचारतात, मासे तळता का तेही आडून विचारून घेतात. काकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "वाकता येतं का?"

मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. मोहावे वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावात आम्ही नुकतेच आलो होतो. नवऱ्याला हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागली होती, माझं काम घरूनच चालायचं, आणि अशा आडगावात चक्क मराठी घरमालक मिळतोय म्हणून आम्ही हरखलो होतो. काका आम्हाला बाहेर घेऊन गेले, आमच्याच गाडीशी उभं केलं आणि म्हणाले, "वाका. खाली पाहा. आता गाडी सुरू करा. हे रोज करायचं, दर वेळी करायचं. कंटाळा येत असेल तर दुसरं घर पाहून घ्या."

आधी नियम आणि मग कारण, अशी त्यांची पद्धत होती. कारण आम्हाला राहायला आल्यावर कळलं. वाळवंटातलं कासव उन्हात सावली शोधत फिरतं. उभी गाडी म्हणजे त्याला आयता मांडव. ते खाली जाऊन डोळे मिटून बसतं आणि आपण किल्ली फिरवतो. पुढचं काका सांगायचे नाहीत, नुसता हात झटकायचे.

हा नियम फक्त आमच्या अंगणापुरता नव्हता. बँक, देऊळ, दवाखाना, कुठंही गाडीत बसायच्या आधी काका गुडघे टेकून खाली बघणार म्हणजे बघणारच. एकदा लॉस एंजेलिसमध्ये आमच्या ओळखीत एक लग्न होतं, मोठ्या हॉटेलात. निघताना तळघरातल्या पार्किंगमध्ये काका रेशमी कुर्त्यासकट फरशीवर आडवे. तिथला पोरगा धावत आला, "सर, डिड यू लूज समथिंग?" काका कुर्ता झटकत उठले आणि म्हणाले, "नॉट येट." काकू लाजेनं गाडीत आधीच जाऊन बसल्या होत्या.

काका मूळचे यवतमाळकडचे. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही "हो"च्या जागी "हाव" आणि "का"च्या जागी "काहून" म्हणणं सुटलं नव्हतं. रस्तेखात्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाले आणि कासवांच्या मागे लागले. हे वेड कशामुळे लागलं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "कारण असतं तर त्याला वेड कशाला म्हटलं असतं लोकांनी?" उंच, वाळलेले, डोक्यावर कडा फाटलेली गवती टोपी, हातात कचरा उचलायचा चिमटा. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पण मी त्यांना कासवाशी बोलताना ऐकलंय, आणि तो आवाज त्यांनी माणसांपैकी फक्त काकूंसाठी राखून ठेवला होता. तोही काकू झोपलेल्या असतील तेव्हाच.

शनिवारी सकाळी हायवेच्या कडेनं व्हॉलंटियर जमायचे. बहुतेक सगळे गोरे, म्हातारे, निवृत्त. कासवांनी रस्त्यावर येऊ नये म्हणून तिथं जाळीचं बुटकं कुंपण आहे, जमिनीत थोडं पुरलेलं. वाऱ्यानं, पावसाच्या लोंढ्यानं वाळू खचते आणि जाळीखाली फट पडते. ती बुजवायची, जाळी तारेनं बांधायची आणि चालता चालता कचरा गोळा करायचा, एवढंच काम. मीही जायला लागले. सुरुवातीला भाडं वाढू नये म्हणून, हे खरं सांगते. नंतर मात्र शनिवार कधी येतो असं व्हायचं.

पहिल्याच दिवशी एक कासव दिसलं. थाळीएवढं, मातकट, बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसलेलं. मी हरखून पुढे झाले तर मागून आवाज आला, "हात मागे!" शाळेत गुरुजी सांगायचे तसे मी हात पाठीमागे बांधले. मग त्यांनी समजावून सांगितलं. हे जनावर पावसाचं पाणी पोटात साठवून ठेवतं आणि त्याच्यावर कोरडे महिनेच्या महिने काढतं. घाबरलं की ते सगळं सोडून देतं. आपण कौतुकानं उचलतो, फोटो काढतो, घरी जाऊन चार जणांना दाखवतो, आणि ते उन्हाळ्यात तहानेनं मरतं. "म्हणून प्रेम आलं की हात मागे," काका म्हणाले. भर रस्त्यात सापडलं तरच उचलायचं, जमिनीलगत धरून न्यायचं आणि त्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला सोडायचं. आपल्याला बरी वाटते त्या दिशेला नाही.

त्यांचा खरा वैरी मात्र गाडी नव्हे, कावळा. आपल्याकडचा नव्हे, इथला डोमकावळा, घारीएवढा. पूर्वी वाळवंटात तो क्वचित दिसायचा. माणसं आली, त्यांचा कचरा आला, गवताला पाणी आलं, विजेचे खांब आले आणि त्याची चंगळ झाली. कासवाच्या पिल्लाची पाठ पहिली काही वर्षं नखाइतकी पातळ, मऊ असते. कावळा वरून चोच मारतो आणि आतलं खातो. खांबांखाली भोक पडलेल्या चिमुकल्या पाठी पडलेल्या असत. काका त्यांना हात लावत नसत, पण तिथं पोचले की टोपी काढायचे.

म्हणून त्यांचं कचऱ्याशी वैर. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपली, जेवणं झाली, की काका पार्किंगमध्ये. प्लेटा गोळा करणार, पिशव्यांना गाठी मारणार, कचऱ्याच्या पेटीचं झाकण बसत नसेल तर त्यावर दगड ठेवणार. कुणाच्या पोरानं पुरी टाकली तर ती उचलून पोराच्या आईच्या हातात देणार. "काका, यार, एक पुरी आहे," असं एक जण म्हणाला, तर काका म्हणाले, "एका पुरीसाठी कावळा आला तर तो गावाला सांगून येतो."

काकू अगदी उलट्या. गोल, हसऱ्या, नाशिकच्या, आल्यागेल्याला हातात काहीतरी दिल्याशिवाय न सोडणाऱ्या. म्हणायच्या, "सवत आणलीन् ती आणलीन्, तीही शंभर वर्षं जगणारी." त्यांची एकुलती मुलगी टेक्सासात, फ्रिस्कोला. जावई आयटीत, दोन नातवंडं, शेजारीपाजारी आपली माणसं, कोपऱ्यावर किराणा. काकूंना तिकडे जाऊन राहायचं होतं. दुसरं काहीच त्यांनी कधी मागितलं नाही. विषय निघाला की काका म्हणायचे, "पिल्लं बाहेर पडू देत, मग बघू." सप्टेंबरच्या सुमारास अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात. ती पडली की म्हणायचे, आता थंडीची बिळात गेलीत, उठू देत. उठली की, आता फिरायला लागलीत, कुंपण बघायला नको? काकू मला म्हणाल्या, "अगं, कासवांचे चार ऋतू असतात आणि चारही माझ्या विरुद्ध."

असं एक पिल्लू मी काकांबरोबर पाहिलंय. मातीतून नुकतंच वर आलेलं, पाणीपुरीच्या पुरीएवढं. पाठीवर अजून माती होती. डोळे किलकिले करून त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि एका झुडपाच्या रोखानं चालायला लागलं. आम्ही दोघं हात मागे बांधून उभे. "आई नाही, बाप नाही, कोणी सांगितलं नाही कुठं जायचं," काका पुटपुटले, "पण निघालं नं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं तर म्हणाले वारा फार आहे. वारा अजिबात नव्हता.

आता ह्यातली गोम अशी, की पिल्लं बाहेर पडतात तेव्हाच आपला पितृपंधरवडा येतो. इकडे पोरांची बाहेर पडायची वेळ आणि तिकडे बापांची जेवायला यायची. काकूंचा दरवर्षीचा वाद ठरलेला. त्या वडील-सासऱ्यांसाठी पान वाढायच्या, खीर, वडे, भरड्याची भजी सगळं साग्रसंगीत, आणि काका दारात आडवे. शेवटी तोड अशी निघाली, की काकूंनी पान मागच्या ओट्यावर ठेवायचं, हात जोडायचे आणि लगेच आत आणायचं. "जगाचे पितर जेवतात, आमचे नुसता वास घेऊन जातात," काकू म्हणायच्या. तरी त्या पान आत आणायच्या.

मग गावात आपली माणसं वाढली. गोदामं आली, सोलरची कामं आली, नवीन घरं झाली. कुणाला तरी शोध लागला, की राखीव वाळवंटाच्या तोंडाशी जे पार्किंग आहे तिथं पान ठेवलं की कावळा क्षणात येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं: इंडियासारखंच, एकदम पटकन शिवतात! झालं. त्या पंधरवड्यात लोक द्रोण घेऊन रांगेनं तिथं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या मेलेल्या माणसाला दोन घास मिळावेत, एवढंच. पण कावळ्यांना ती जागा पाठ झाली, आणि पार्किंगच्या पलीकडेच पिल्लं मातीतून डोकं वर काढत होती.

काका चिमटा घेऊन तिथं उभे राहिले. रोज. सुरुवातीला हात जोडून सांगत होते, मग जिभेला हाड राहिलं नाही. पुण्याचा एक इंजिनिअर, वडील नुकतेच गेलेले, व्हिसामुळे अंत्यदर्शनालाही जाता आलं नव्हतं त्याला. त्याचा द्रोण काकांनी उचलला. तो पोरगा आडवा आला. "काका, माझ्या बाबांच्या घासावर उठलात तुम्ही? व्हॉट इज राँग विथ यू?" काका म्हणाले, "तुझे बाबा असते तर त्यांनी पोरांना खाऊन पोट भरलं असतं का?" तो मुलगा रडायला लागला. काकांनी द्रोण हातात धरून ठेवला, पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यानंतर बरीच घरं त्यांच्याशी बोलेनाशी झाली, आणि त्याची झळ काकूंनाच बसली. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. काकू एका शब्दानं काकांना बोलल्या नाहीत. मला तेव्हा काकांचा भयंकर राग आला होता.

दोन-तीन वर्षांनी काकू आजारी पडल्या आणि दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी फ्रिस्कोहून येऊन राहिली. हॉस्पिटलच्या खोलीत मी काकूंचे केस विंचरत होते, काका खुर्चीत बसले होते. काकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो, माझ्या पानाला तरी कावळा शिवू द्याल ना?"

प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला हा माणूस खुर्चीतून उठला. खिडकीबाहेर बघत राहिला. दिवस भाद्रपदाचे होते, पिल्लं बाहेर पडायला लागली होती. माझा हात केसांत तसाच थांबला. मला वाटलं, आता जर हा म्हातारा "बघू" म्हणाला तर मी ह्याच्या घरात राहणार नाही. काका म्हणाले, "हाव." आणि काकूंनी डोळे मिटले. त्यानंतर त्या फारसं बोलल्याच नाहीत.

काकू गेल्या. आता दहाव्याला काका काय करणार, ह्याची सगळ्या गावाला उत्सुकता. काही जणांना तर आतून बरंच वाटत होतं. काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. सुतकाच्या दिवसांतच ते एकटे लॉस एंजेलिसला जाऊन आले, आणि दहाव्या दिवशी आम्हाला सगळ्यांना गाडीत घालून तासन् तास लांब, समुद्रकाठच्या एका बागेत घेऊन गेले. तिथं हिरवळ होती, नारळासारखी झाडं होती आणि झाडांवर कावळे होते. छोटे, शहरी कावळे. "इथं एकही कासव नाही," काका म्हणाले. "पाहून ठेवलं मी." दिलेला शब्दही पाळायचा आणि पिल्लांना धक्काही लागू द्यायचा नाही, असा त्यांनी मार्ग काढला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गुरुजींनी जाकिटाखाली सोवळं नेसलं होतं. विधी झाला. पिंड आणि पान हिरवळीवर ठेवलं आणि आम्ही बाजूला झालो. आधी सीगल आले. काकांनी चिमटा घेऊन त्यांना पळवलं. कावळे झाडावरच बसून राहिले. ऊन चढलं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, मग जवळच्यांनी शब्द द्यायचा असतो. मुलगी पुढे झाली. तिचं मराठी मोडकं, पण ती हात जोडून म्हणाली, "आई, मी बाबांना बघेन. आय प्रॉमिस. तू वरी नको करू." कावळे जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, काकू, मी आहे. जावई म्हणाला, आम्ही सगळे आहोत. कुणी हललं नाही.

गुरुजी हळूच म्हणाले, "काका, तुम्ही बोला."

काका पानासमोर उभे राहिले. काय बोलायचं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, कावळ्या, ये रे बाबा आता, ह्यांनी बोलायच्या आत ये. काकांनी टोपी काढली.

"जातो," ते म्हणाले. "पोरीकडे जातो राह्यला. सोडतो वाळवंट."

एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्यानं भाताला चोच लावली. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला, मुलगी रडत काकांच्या गळ्यात पडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काही नाही. पलीकडे कुणी सँडविच खात बसलं होतं, ते उठून गेलं, म्हणून तो उतरला. मी पाहिलं होतं. काकांनीही पाहिलं असणार, त्यांच्या नजरेतून कावळा कधी सुटला नव्हता. गवतातलं शितन् शीत वेचून त्यांनी पिशवीत भरलं.

ते महिनाभरातच मुलीकडे राहायला गेले. घर आम्हालाच विकलं. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "काका, पिल्लं बाहेर पडू देत, मग जा." ते हसलेसुद्धा नाहीत. चिमटा माझ्या हातात दिला आणि गाडीत बसले.

फ्रिस्कोला मी एकदा त्यांना भेटून आले. मोठं घर, कापलेली हिरवळ, एकसारखी दारं. मुलगी त्यांना फुलासारखं जपत होती, नातवंडं "आजोबा, वाँट टू प्ले?" म्हणत येत होती. त्यांना काही कमी नव्हतं. काका खिडकीशी बसले होते, कपडे ढगळ झाले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, कावळा तसाही आलाच असता."

"आला असता," ते म्हणाले. "पण मी आधी बोललो आणि तो मग आला." थोड्या वेळानं म्हणाले, "तिला जिवंतपणी एकदा हो म्हटलं नाही मी, पोरी. मेल्यावर एकदा म्हटलं. तेही परत घेऊ?"

मी चहाचे कप उचलून आत गेले आणि नळ सोडून रडले.

दर सप्टेंबरला त्यांचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे नाही, एकदम, "आली का बाहेर?" मी सांगायची. जी मेली त्यांचंही सांगायची, कारण खोटं त्यांना लगेच कळायचं. ह्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते. फार म्हणजे फार.

दहाव्याला फ्रिस्कोहून त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. विधी झाला होता, गुरुजी आत जाऊन बसले होते. ती मागच्या अंगणात उभी होती, लाकडी डेकवर पान होतं. शेजारच्या छपरावर कावळे ओळीनं बसलेले मला दिसत होते.

"दे आर जस्ट सिटिंग देअर," ती म्हणाली. आवाज बसला होता. "सकाळपासून. मी सगळं बोलले, ताई. मुलांचं बोलले, घराचं बोलले. कासवांसाठी व्हॉलंटियर करेन म्हटलं. ही वोंट... ते येतच नाहीत. तुला माहिती असेल. व्हॉट डिड ही वाँट?"

मला जे सुचलं ते आपल्यात कुणी करत नाही.

"पान उचल," मी म्हटलं.

"व्हॉट?"

"कावळा यायच्या आत उचल. तेच हवं असेल त्यांना."

मग तिनं फोन कठड्याला टेकवून ठेवला, गुडघ्यांवर बसली आणि पान उचललं. डेकच्या फळ्यांमध्ये पडलेली शितं एकेक करून नखांनी काढली. छपरावरून एक कावळा खाली झेपावला, तशी ती दोन्ही हात हवेत उडवून ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. पिशवीला तिनं गाठ मारली, मग आणखी एक मारली. कचऱ्याच्या डब्यात पिशवी टाकून झाकण बसवलं आणि त्याच्यावर दोन्ही तळवे दाबून ती तशीच बराच वेळ उभी राहिली.